आधी मी, मग गिऱ्हाईक

"आधी मी, मग गिऱ्हाईक," असं म्हणत मामा बशीत थोडी कॉफी ओतायचे, डोळे मिटून फुर्रकन प्यायचे आणि मगच आमचे ग्लास भरायचे. पाटसच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर ती बशी तुम्हीही पाहिली असेल. कुरकुंभला कामावर जाताना मी रोज तिथं थांबायचो.

मामा मूळचे रेडिएटरवाले. ट्रकचे, ट्रॅक्टरचे गळके रेडिएटर डाग देऊन बुजवण्यात त्यांची हयात गेली. ते काम आटलं तेव्हा एका कन्नड ड्रायव्हरनं शिकवलेल्या कॉफीवर त्यांनी टपरी टाकली. चहाच्या मुलखात कॉफी! लोक म्हणाले, म्हाताऱ्याला भिकेचे डोहाळे लागलेत. पण टपरी चालली, कारण ती कॉफी साखर चिमूटभर असूनही गोड लागायची.

"मामा, गुपित काय हो?"

"हाताचा गुन हाय, पावणं. दुसरं काय न्हाई."

पातेलं पितळेचं, त्यांच्या आईच्या वेळचं. आतून असं पांढरं लखलखायचं की वाकून बघणाऱ्याला आपला चेहरा दिसावा. कोरी कॉफी दिवसभर त्यात मंद आचेवर असायची, उरलेली रात्रभर तशीच. दूध ग्लासात वरून.

मग काहीतरी विपरीत सुरू झालं. मामांच्या तोंडावरचा रंग उडाला. पोटात कळ आली की ते टपरीचा खांब धरून उभे राहायचे. एका दुपारी मी एकटाच असताना त्यांनी ओळीनं ग्लास भरले आणि माझ्या मागं बघत विचारलं, "बाकीची मंडळी कुठं गेली?" मागं रिकामा रस्ता आणि ऊन. मी हसलो. मामा हसले नाहीत.

पुढं उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. "ऐकतच न्हाई," ते हाताकडे बघून म्हणाले. "दुसऱ्या कुनाचा तरी आनून लावल्यागत वाटतोय." तोंडात सारखा पैसा धरल्यासारखी चव असायची. एकदा त्यांनी ओठ वर करून दाखवला. हिरडीच्या कडेनं निळीकाळी रेघ, कुणी शाईनं ओढावी तशी.

कुणी करणी म्हणालं, कुणी हवा वाईट म्हणालं. टपरीला लिंबू-मिरची बांधून झाली. शेवटी मी त्यांना दौंडला डॉक्टरांकडे नेलं. हिरडी पाहून त्यांनी रक्त पुण्याला पाठवलं. रक्तात शिसं निघालं.

"स्वयंपाक, कॉफी कशात करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पितळी पातेल्यात. पन कल्हई हाय आतून. माझ्या हातची!" मामा ताठ बसले. "कल्हईवाला यायचा बंद झाला. मंग रेडिएटरला डाग द्यायच्या कांड्या उरल्या होत्या, त्याच वितळवून फिरवल्या. कशी चकाकतीया बगा."

डॉक्टर लिहायचे थांबले. कल्हईला शुद्ध कथील लागतं, या कांड्यांत निम्मं शिसं, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. कॉफीच्या आंबटपणानं ते सुटत होतं. तो गोडवाही त्याचाच. ते हाडांत साठतं, नसा, मूत्रपिंड, मेंदू पोखरतं. लहान मुलांना तर फारच वाईट.

मामांनी स्वतःविषयी एक शब्द विचारला नाही. "आन् गिऱ्हाईक?" एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी छिन्नीनं पातेल्याच्या बुडाला भोक पाडलं. टपरी बंद केली आणि दिवसभर फाट्यावरच्या बाकड्यावर बसायला लागले. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "रगात तपासलं का?" लोक वेडा समजून बाजूनं जात. मी तपासलं. माझ्याही रक्तात शिसं होतं, पण थोडं. हळूहळू उतरलं. मामांच्या अंगात मात्र मुरलं होतं. आम्हाला काही होऊ नये म्हणून प्रत्येक पातेल्याची पहिली बशी त्यांनीच प्यायली होती.

औषधं चालू होती, तरी शेवटी शेवटी ते मला ओळखेनासे झाले. प्रश्न तेवढा राहिला होता. "तपासलं, मामा. बरा हाय मी," म्हटलं की चेहरा उजळायचा, लोंबता हात माझ्या हातावर यायचा. एसटी येईपर्यंत ते विसरायचे आणि पुन्हा विचारायचे. मी पुन्हा सांगायचो.

मामा गेले, त्याला एक उन्हाळा झाला. बाकडं तिथंच आहे. परवा एसटीतून उतरलो, फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी पायरीवरून पाय खाली टेकताच माझ्या तोंडून निघून गेलं, "तपासलं, मामा."

माझ्या मागून उतरणारी बाई बाकड्याकडे बघत थबकली. मग हलकेच म्हणाली, "म्याबी."