एकट्याला पेपर नाही

एग्मोर स्टेशनबाहेर एक म्हातारा वर्तमानपत्रं विकायचा. मॅट्रिकचा निकाल पेपरात छापून येई, त्या दिवशी त्याच्यापुढे झुंबड उडायची. पण एकट्यानं आलेल्या मुलाला तो पेपर देत नसे. "तंबी, कुणाला तरी घेऊन ये," एवढंच तमिळमध्ये सांगायचा; तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

आम्ही तंजावरहून मद्रासला नुकतेच आलो होतो. वडील कचेरीत गेलेले, मी कुणाला आणणार? रडवेला होऊन तिथंच उभा राहिलो. तेव्हा भर गर्दीत धंदा सोडून त्यानं मला शेजारी बसवलं आणि शाईनं काळं झालेलं बोट आकड्यांवरून सावकाश फिरवलं.

माझा नंबर नव्हता.

त्यानं धीर दिला नाही, पाठही थोपटली नाही. स्वतःच्या तांब्यातलं ताक पुढे केलं आणि मी ते संपवेपर्यंत एकाही गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही.

"माझ्या मुलानं एकट्यानंच वाचला होता," शेवटी तो म्हणाला. "त्याचा नंबर छापायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आला. तोवर मुलगा गेला होता."

दुसऱ्या दिवशी मीही पेपर पाहिला. माझा नंबर त्यातही नव्हता. पण तो पाहायला मी होतो.