मंगळवारच्या पन्नास भाकरी

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर आहे. खाली महानंदा भाकरी थापते आणि वर वेबसाइट बनवायला शिकवणारा क्लास चालतो. मधल्या लोखंडी जिन्यावरून दिवसभर दोन गोष्टींची ये-जा असते. खालून भाकरीचा खरपूस वास वर जातो आणि वरून प्रश्न खाली येतात.

पोरं-पोरी दुपारी ताटं घेऊन जिन्याच्या पायऱ्यांवर बसत आणि जेवतानाही तेच बोलत. बटन एकदाच दाबलं, तरी ऑर्डर दोनदा कशी गेली? पानावरचा रंग बदलला, तरी जुनाच का दिसतो? काल चालत होतं, आज बंद, आणि मी तर काहीच बदललं नाही!

"काहीच बदललं न्हाय म्हणणाऱ्यानंच कायतरी बदललेलं असतंय," महानंदा काठवटीतून मान वर न करता म्हणायची. तो पोरगा हसायचा, जेवून वर जायचा आणि पाच मिनिटांनी जिन्यातूनच ओरडायचा, "मावशी, बदललं होतं!"

तिची शाळा सातवीपर्यंतची, अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातली. माहेरी बोलणं कानडी. नवरा यंत्रमागावर होता तेव्हा त्याच्या डब्यासाठी पहाटे चारला उठायची सवय लागली. पुढे तो गावाकडे शेती बघायला गेला, सवय मात्र तिच्याकडेच राहिली. कॉम्प्युटर तिने कधी शिकला नव्हता. पण समोरच्याची अडचण ऐकली की तो कुठे अडला असेल, याचं तिला भारी कुतूहल. ती एकच करायची. पोराला समोर बसवायची आणि म्हणायची, "पहिल्यापासून सांग." पोरगं सांगू लागलं की दर वाक्याला विचारायची, "मग पुढं काय होतं?" सात-आठ वेळा असं झालं की सांगणारा मध्येच थांबायचा, डोक्याला हात लावायचा आणि अर्धी भाकरी ताटात टाकून वर पळायचा. उत्तर त्याचं त्यालाच सापडलेलं असायचं. महानंदाला त्यातलं निम्मंही कळलेलं नसायचं, आणि त्याचीच तिला हुरहूर लागायची. ती मागून ओरडायची, "अरं, काय सापडलं ते तर सांगून जा की!"

वरच्या क्लासात नवशिक्यांना शिकवणारी अंकिता मोडनिंबची. इंजिनियरिंग झालेली, राहायला त्याच घरात मागच्या खोलीत. रोज फोनवर ऑर्डरी घेताना महानंदाची तारांबळ उडते, हे बघून तिने पाडव्याच्या मुहूर्तावर तिला वेबसाइटचं एक पान करून दिलं. गिऱ्हाइकाने तारीख निवडायची, भाकरींचा आकडा टाकायचा, झालं. महानंदाच्या चुलीसमोर खुंटीला एक जुना टॅब टांगला. पीठ जाऊ नये म्हणून त्यावर दुधाची धुतलेली पिशवी चढवली. टॅबवर वरच्या बाजूला वार आणि त्याखाली 'आजच्या भाकरी' आणि आकडे. अंकिताचं हे स्वतःचं पहिलं काम. ती येता-जाता त्या टॅबकडे असं बघायची, जसं माहेरवाशीण आपल्या दारच्या झाडाकडे बघते.

वैशाखात एक मोठी गोष्ट जुळून आली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक कारखाना होता. त्याच्या कॅन्टीनचे व्यवस्थापक कुमारअण्णा स्वतः येऊन भाकरी खाऊन गेले आणि म्हणाले, "मावशी, पहिल्या पाळीच्या नाष्ट्याला तुमची भाकरी ठेवू. आठ दिवस बघतो. जमलं तर वर्षभर." आकडा रोज बदलणार होता, कारण पाळीवर माणसं कमी-जास्त. अण्णा आदल्या संध्याकाळी तो पानावर टाकणार आणि पहाटे पावणेसहाला रिक्षा येऊन भाकरी घेऊन जाणार.

वर्षभर काम म्हटल्यावर महानंदाने दुसरी चूल मांडली आणि निंगव्वाला कामावर घेतलं. निंगव्वा सीमेपलीकडची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी बोलायला चांगलं, वाचायला मात्र येत नव्हतं. टॅबवरचे आकडे तेवढे इंग्रजी, ते तिला वाचता येत. हात असा की पिठाचा उंडा कधी घेतला आणि भाकरी कधी तव्यावर पडली, कळू नये. वर्षभराचं काम मिळालं तर ती पोरींना सोलापूरच्या शाळेत घालणार होती.

सोमवार चांगला गेला. पहिल्या दिवशीचा साठचा आकडा फोनवरच ठरला होता, पानावर तो अण्णांनी मागाहून टाकला. मंगळवारी पहाटे पावणेचारला नळाला पाणी आलं, तेही पाच दिवसांनी. सोलापुरात नळाला पाणी आल्यावर माणूस दुसरं काही करत नाही. महानंदाने पदर खोचला आणि घागरी काढल्या. जाता जाता म्हणाली, "निंगव्वा, कॅन्टीनचा आकडा बघ आन् सुरू कर."

निंगव्वाने चारला टॅब बघितला. साठ. एकटीने साठ थापल्या, फडक्यात बांधल्या आणि चूल विझवली.

पावणेसहाला रिक्षाचा हॉर्न वाजला. ओल्या साडीने महानंदा आत आली आणि सवयीने खुंटीकडे बघितलं. कॅन्टीन : एकशे दहा.

"निंगव्वा! हे काय गं?"

"काय अक्का?"

"एकशे दहा हायेत! तू साठच केल्यास?"

"साठच होते की तितं! मी माझ्या डोळ्यानं बघितलं."

"मग आता काय मांजरानं बोट लावून बदलला आकडा?"

रिक्षा साठ भाकरी घेऊन गेली. सात वाजता कुमारअण्णांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "मावशी, पन्नास माणसं रात्रीच्या भातावर कामाला गेली. नव्या माणसावर विश्वास टाकला म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं. उद्या एक दिवस बघतो. उद्या चुकलं तर मात्र माझा नाइलाज हाय."

निंगव्वा कोपऱ्यात उंबऱ्याकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, "अक्का, मला शिकलेलं कमी हाय. साठ आन् एकशे दहा यातला फरक कळण्याइतकं तरी हाय."

नऊला अंकिता केस पुसत आली. सगळं ऐकून घाबरली. आधी टॅब बघितला, मग आपला मोबाइल, मग लॅपटॉप. "मावशी, अण्णांनी काल संध्याकाळी सातलाच एकशे दहा टाकलेत. माझ्याकडं तर सगळीकडं बरोबर दिसतंय."

हे वाक्य महानंदाने जिन्यावर शंभरदा ऐकलं होतं. माझ्याकडं तर बरोबर दिसतंय. त्या वाक्याने आजवर एकाही पोराचं काम झालेलं तिला आठवत नव्हतं. आमच्या चुलीवर फुगती, तुमच्यात का फुगत न्हाय, असं म्हणून भाकरी थोडीच फुगते?

तरी तिने अंकिताला तिच्या पद्धतीने शोधायला वेळ दिला. अंकिताने जुनी साठवण पुसली, टॅब बंद करून चालू केला, क्लासच्या ग्रुपवर विचारलं. एकाने लिहिलं, पान ताजं करून बघ. दुसऱ्याने लिहिलं, हा प्रश्न मागच्या महिन्यातही कुणीतरी विचारला होता, शोध. तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला. दुपारपर्यंत आकडा होता तसाच, बरोबर. बरोबर दिसणारी गोष्ट दुरुस्त कशी करायची, हे अंकिताला कुणी शिकवलं नव्हतं.

"निंगव्वाकाकूंनीच चुकून वाचलं असेल," ती शेवटी हळूच म्हणाली.

महानंदा उठली. पाट मांडला. "बस हितं."

"मावशी, आत्ता नको..."

"बस. पहिल्यापासून सांग."

अंकिता बसली. निंगव्वाही मान वळवून ऐकू लागली.

"अण्णा संध्याकाळी तारीख निवडतात आणि आकडा टाकतात."

"मग पुढं काय होतं?"

"ते सर्व्हरवर लिहिलं जातं. सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी एका खोलीत कायम चालू असलेला कॉम्प्युटर."

"बरं. मग पुढं?"

"टॅब दर पाच मिनिटांनी त्याला विचारतो, आजच्या भाकरी किती?"

"आन् आज कुठला वार हाय, हे कोण ठरवतं? टॅब का तो लांबचा?"

"लांबचा. त्याच्याकडं घड्याळ असतं. तो बघतो आज मंगळवार, म्हणून मंगळवारचा आकडा पाठवतो."

"मग बराबर हाय की," महानंदा म्हणाली. "तांबडं फुटलं की त्यो वार बदलतो आन् आकडा बी."

अंकिता थकून हसली. "तांबडं नाही हो मावशी. वार रात्री बाराला बदलतो."

"कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

"तुझा बदलत असंल. ह्येचा न्हाय बदलत." महानंदाने खुंटीकडे बोट केलं. "दोन महिने बघतीया. चारला उठते तवा तितं कालचाच वार असतो. चूल सारवते, चहा होतो, देवाला पाणी घालते, कालचाच. मग बाहेर जरा उजाडाय लागलं, साडेपाच झाले, की बदलला. रोज. एक दिवस चुकला न्हाय गडी. आन् आपली गिऱ्हाइकं दुपारची, आकडा मी उजाडल्यावरच बघायची."

अंकिता तिच्याकडे बघतच राहिली. "दोन महिने? आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात? सूर्य उगवला हे कोण कुणाला सांगत बसतं? आमच्यात उजाडल्याबिगर वार बदलतच न्हाय. पहाटं कुणी मेलं तरी आदल्या वारीच धरत्यात. मी म्हटलं, पोरीनं मशिनीला वळण चांगलं लावलंय."

निंगव्वा कोपऱ्यातून म्हणाली, "हौद री, खरं हाय. आमच्यात बी तसंच."

"साडेपाच," अंकिता पुटपुटली. "बरोब्बर साडेपाच?"

"पाचाचा भोंगा होऊन अर्धा तास."

झालं. अंकिताने डोक्याला हात लावला, उठली, आणि महानंदाने तिचा पदर, म्हणजे ओढणी, घट्ट धरली. "आज न्हाय सोडायची. काय सापडलं ते सांगून जा."

मग अंकिताने जमिनीवरच पीठ पसरून बोटाने दोन गोल काढले. एक सोलापूरचं घड्याळ, एक इंग्लंडकडचं. जगभरचे कॉम्प्युटर आपसात भांडू नयेत म्हणून सगळे एकच वेळ धरतात, ती तिकडची. त्या वेळेने रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आपली वेळ लावून घे, असं सर्व्हरला सांगायचं अंकिता विसरली होती. म्हणून रोज रात्री बारापासून साडेपाचपर्यंत तो आदल्या दिवशीच रेंगाळायचा. "नवीन शिकणारा हमखास ही चूक करतो, मावशी. मी स्वतः वर्गात शिकवलीय. पण मी पान तपासलं ते नऊला, दहाला. त्या वेळेला सगळं बरोबरच दिसणार."

"आन् तुमच्यातलं एक लेकरू तरी चारला उठतंय का, चूक दिसायला?" महानंदा म्हणाली. पण तिचं लक्ष पिठातल्या दोन गोलांवर होतं. "म्हंजे तितं मध्यरात्र असती तवा आपल्या वैशाखात तांबडं फुटतं. अन् थंडीत?"

"थंडीतही साडेपाचच. त्याला सूर्याचं काही कळत नाही."

"मग थंडीत मी त्येला पकडला असता," महानंदा म्हणाली. "साडेपाचला अंधारच असतो की तवा."

तिने गोलांवर पाणी शिंपडलं आणि पीठ गोळा केलं. मग निंगव्वाकडे वळली. "साठच होते गं. तुझं बराबर होतं. मी पाण्याच्या नादात उजाडायच्या आत तुला आकडा बघायला लावला."

निंगव्वा उठली. तिने परात घासायला घेतली. घासण्याचा आवाज सकाळपेक्षा हलका होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण ती झाली की नाही, हे कळायला पहाट उजाडावी लागणार होती, किंवा उजाडायच्या आत बघावं लागणार होतं. बुधवारी चारला तिघी चुलीपुढे उभ्या होत्या. अंकिताचे डोळे अर्धे मिटलेले. महानंदाने दुधाची पिशवी पदराने पुसली.

"वाच गं निंगव्वा. आजपास्नं आकडा तूच वाचायचा."

"पंच्याण्णव."

"आन् वर काय लिहिलंय?" महानंदाने अंकिताला विचारलं, स्वतःला दिसत असूनही.

"बुधवार."

बाहेर काळोख होता. महानंदाने एकदा दाराकडे बघितलं, एकदा टॅबकडे. तिला ते काही पटलं नाही. पण चुली पेटल्या, उंडे पडले, आणि सव्वापाचला पंच्याण्णव भाकरी फडक्यात होत्या. निंगव्वाने त्या दोनदा मोजल्या. रिक्षा वेळेवर आली आणि भरून गेली.

सातला फोन वाजला.

"पोचल्या मावशी," कुमारअण्णा म्हणाले. "कमी न्हाईत, जास्त न्हाईत. पुढचे पाच दिवस बघायची गरज मला वाटत न्हाय. वर्षाचं धरून चला. उद्याचा आकडा रात्री जरा उशिरा टाकला तर चालंल का? पाळी ठरायला वेळ लागतोय."

महानंदाने निंगव्वाकडे बघितलं, मग जिन्यावर बसून डुलक्या घेणाऱ्या अंकिताकडे.

"टाका की अण्णा," ती म्हणाली. "पण बाराच्या आत टाका. हितं आता वार बाराला बदलतोय."