महाराजांचं लिंबू

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि शेवटचं पोस्टिंग मिळालं कॅनडात मार्कहॅमला, मुलाच्या बेसमेंटमध्ये. ड्यूटी ठरलेली. ०५३० ला उठायचं, ०६०० ला ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलने काढायचा, ०७३० ला नातीला स्कूल बसमध्ये बसवायचं. दोन हजार दहाच्या आसपासच्या एका हिवाळ्यात मला बढती मिळाली. मराठी मंडळाच्या नाटकात मी सेनापती झालो.

राजा होते देसाई. आयटी कंपनीचे मालक, हॉल त्यांनी स्पॉन्सर केलेला, म्हणून राजा. स्वतःला तलवार धरता येत नव्हती, पण सेनापती अस्सल हवा होता. मला दांडपट्टा चालवता येतो ही बातमी माझ्या मुलाने फोडली होती.

पट्टा मला शिकवला नाईक तुकाराम खोतने. कोल्हापूरकडचा गडी, मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलेला. माणसाच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू तो पट्ट्याने कापायचा आणि हाताला ओरखडाही येत नसे. आम्ही तेव्हा बर्फातल्या एका पोस्टवर होतो. मी हवालदार, त्याचा सेक्शन कमांडर. एका सकाळी खाली बेसवर हेलिकॉप्टरने कुणी बडे पाहुणे आले. पलटणीच्या सीओसाहेबांना त्यांच्यापुढे खोतचा खेळ हवा होता, म्हणून आम्हाला खाली बोलावलं.

पट्ट्याच्या लोखंडी मुठीत जाड हातमोजा शिरत नाही. खोत मला म्हणाला, "साहेब, बोटं जातील माझी."

"ऑर्डर आहे. काढ मोजे."

१०१५ ते १०४५ तो उघड्या हातांनी खेळला. पाहुणे चहा पीत होते. दोनदा 'वन्स मोअर' म्हणाले. १४२० ला पोस्टवर परत चढताना दोरावरून खोतचा हात सुटला.

मी रेडिओवर बोललो, "अल्फा, एक जवान दरीत. ओव्हर."

"रिपीट करा. ओव्हर."

मी रिपीट केलं. चौकशीत लिहिलं गेलं, पाय घसरून अपघात. त्याखाली माझी सही आहे. त्या पाहुण्यांची मला किळस येते, सीओसाहेबांची येते, आणि त्या सहीची सगळ्यात जास्त येते.

तर मार्कहॅम. प्रयोगाच्या आधीच्या शनिवारी १००० ला देसाईंनी आम्हाला हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये बोलावलं. उणे अठरा. वेबसाइटसाठी व्हिडिओ करायचा होता. अंगरख्याच्या आत ते स्की जॅकेट घालून आले होते.

"सुभेदारसाहेब, स्नोमध्ये काय रिअल लुक येतो बघा! समीरच्या हातावर लिंबू ठेवू, तुम्ही कापा. वन टेक!"

समीर म्हणजे त्यांच्याच कंपनीतला पुण्याचा इंजिनिअर. त्याने हातमोजा काढून तळहात पुढे केला होता. पट्ट्याच्या मुठीत माझी बोटं बधिर झाली होती, आणि मी कित्येक वर्षांत लिंबू कापलं नव्हतं.

"नाही म्हण ना त्यांना," मी हळूच म्हणालो.

"काका, माझे पीआरचे, इथे कायम राहायचे पेपर्स त्यांच्या सहीसाठी अडकलेत. प्लीज, करून टाका."

"सेनापती, राजाचा हुकूम आहे!" देसाई ओरडले. "ॲक्शन!"

मी समीरच्या हातावरचं लिंबू उचललं. "मोजा घाल."

"काका, पण..."

"घाल."

मग लिंबू देसाईंपुढे धरलं. "आपल्या हातावर ठेवा, महाराज. मी तयार आहे."

देसाईंनी दोन्ही हात खिशात घातले. "काय जोक करता राव! फ्रीज झालोय सगळे. चला, कॉफी घेऊ."

मी बर्फात थुंकलो. सगळं मंडळ बघत होतं, म्हणून असेल, सोमवारी समीरच्या पेपर्सवर सही झाली.

प्रयोगात लिंबू नव्हतं. मला एकच वाक्य उरलं होतं. राजाने विचारायचं, "सेनापती, फौजेची काय खबर?" मी म्हणायचं, "मोहीम फत्ते, महाराज."

देसाईंनी विचारलं. मी सावधान उभा राहिलो.

"एक जवान कमी, महाराज. नाईक तुकाराम खोत. एका बड्या माणसाच्या करमणुकीसाठी गेला. मोजे काढायचा हुकूम मी दिला."

देसाईंना पाठ केलेलं तेवढंच येत होतं. "शाब्बास, सेनापती!" असं म्हणून त्यांनी गळ्यातला खोट्या मोत्यांचा कंठा माझ्या गळ्यात घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

मी कंठा काढून खाली ठेवला आणि पुन्हा रिपोर्ट दिला. "नाईक तुकाराम खोत."