किती बोटं?

सकाळी शाळेत निघाले होते, तेव्हा वडनेर भोलजीहून भाऊजींचा फोन आला. "रेखा, तुह्या ताईले गाडीनं उडवलं. दवाखान्यात आणलं." बॅटरीवरची, बिनआवाजाची स्कूटर. चालवणारी बाई दवाखान्याच्या दारात रडत एकच सांगत होती, "त्या माह्याकडंच पाहून राह्यल्या होत्या हो... मले वाटलं, थांबतीन." दुसऱ्या दिवशी ताई गेली. महिना झाला, पण गाव अजून म्हणतंय, समोर पाहत आली म्हणजे जीवच दिला. म्हणून हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण ती काहीतरी विचित्रच सांगू लागली. "माणूस दारात असते, मंग एकदम माह्याजोळ असते. मधात येतानी दिसतच नाही वं." रस्ता ती कानांनी ओलांडायची, ट्रकचा आवाज विरेपर्यंत काठाला उभी. आणि आम्ही? जो येईल तो तिच्यापुढे हात धरून विचारी, "किती बोटं?" ती बरोबर सांगे. पेपरही घडाघडा वाची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. झालं! सासरी ती कामचुकार ठरली, आणि वर्षानुवर्षं फळ्यावर डोळ्याची आकृती काढणारी मी, विज्ञानाची बाई, तिला म्हणाले, "ताई, नाटकं पुरे कर."

"नाटक काऊन करीन वं मी?" एवढंच ती म्हणाली.

अपघातानंतर ती बेशुद्ध असताना मेंदूच्या डॉक्टरांनी झटक्याच्या वेळची तिच्या मेंदूची फिल्म पाहिली आणि विचारलं, "यांना हललेलं दिसत होतं का?" मग त्यांनी सांगितलं, डोळा दाखवतो, पण हालचालीचा हिशेब मेंदू करतो, आणि त्याची जागा वेगळी असते. तेवढीच गेली की उभी वस्तू लख्ख दिसते, चालती मात्र तुटक तुटक... दोन वर्षांत इतक्या जणांनी तिच्यापुढे बोटं धरली, एकानंही हात हलवून पाहिला नाही. आग लागो आमच्या शहाणपणाला!

तिच्या ओट्यावर कप अजून तसेच पालथे आहेत. चहाची धार तिला गोठल्यासारखी दिसे, कप भरत आलेला कळत नसे, म्हणून ती कपात बोट धरून ओतायची. पेर कायम भाजलेलं. पाहुणे तिच्या हातचा चहा घेईनासे झाले. संक्रांतीला तिनं मला तसाच कप भरून दिला. मला किळस आली. ती समोरच बसली होती. म्हटलं, खरंच दिसत नसेल तर हेही दिसणार नाही, आणि सगळा चहा मोरीत ओतला. धार तिला वाहताना दिसली नसेलच... पण तिनं कान तिकडे केला, आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "साखर जास्त झाली का वं?"