माझ्या फोटोखालचं मटण

पुण्याच्या एका एजन्सीनं माझा कोड चोरला आणि त्यामुळं माझं ठरत आलेलं लग्न अडलं. सगळं सांगतो, मग चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

मी भोरला वेबसाइट बनवतो. क्लास लावला नाही, कारण क्लासवाला फी कमी करेना. दुसऱ्यांच्या वेबसाइट वाचून शिकलो. कॉम्प्युटरवर कुठल्याही पानावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ दाबलं की पानामागचा कोड दिसतो. पाहुण्यांकडं जेवताना वाटणात काय घातलंय ते ओळखायचं आणि घरी आपल्या हातानं करून बघायचं, तसं हे. मी पाहुण्यांचं पातेलं उचलून आणत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

सारोळ्याजवळ हायवेला अण्णांचं हॉटेल आहे. त्यांची साइट मी केली. अण्णा सोमवारी मटण करत नाहीत आणि लांबून आलेली गिऱ्हाइकं भांडायची. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे पानाला लावून दिलेलं काम. सोमवार असेल तर प्रत्येक थाळीच्या फोटोखाली लाल पट्टी येते: ‘आज मटण नाही. उद्या या, ताजं मिळेल.’ बाकीचे वार ती गपगुमान पडून असते.

आता लग्नाचं. नसरापूरच्या एक मावशी वधूवर केंद्र चालवतात. त्यांच्या साइटचं काम मला मिळणार होतं. मावशींनी घासाघीस करून मला पार जमिनीला टेकवलं आणि काम पुण्याला दिलं, कारण तिथली पोरं इंग्रजीत बोलतात. माझं नाव मात्र नोंदवून घेतलं. स्थळही चांगलं आणलं. मुलगी वेल्ह्याकडची. मला पसंत, तिला मी पसंत. वडील आप्पा, माळकरी. त्यांच्यासाठी मी दिवाळीपासून मटण सोडलं होतं. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. मावशींनी माझ्या माहितीची लिंक आप्पांना पाठवली, त्यांनी ती दुसऱ्या दिवशी सगळ्या घरासमोर उघडली आणि मला फोन लावला.

“तुमचा धंदा काय म्हनला व्हता?”

“वेबसाइट बनवतो, आप्पा.”

“मग हितं तुमच्या फोटूखाली मटनाचं काय लिवलंय? उद्या या म्हनं, ताजं मिळंल.”

वार सोमवार होता.

मी लॅपटॉपवर लिंक उघडली. वर मी नव्या शर्टात हसतोय, खाली लाल पट्टी. सोर्स उघडला. अण्णांच्या साइटचा कोड जसाच्या तसा. थाळ्यांच्या जागी मुलं-मुली बसवली होती आणि ‘ऑर्डर द्या’च्या जागी ‘संपर्क करा’. माझी कमेंटसुद्धा तशीच. कमेंट म्हणजे कोड लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी ठेवलेली टीप, पानावर ती दिसत नाही. मी लिहिलं होतं, ‘अण्णा गुरुवारीपण बंद ठेवू म्हणतात. ऐकायचं नाही.’

मंगळवारी केंद्र उघडायच्या आधी मी दारात. सोमवारी केंद्राला सुट्टी, त्यामुळं मावशींनी ती पट्टी कधी पाहिलीच नव्हती. आणि आज ती दिसणार कशी? काम मिळालं नाही म्हणून मी जळतोय, असं मावशींचं म्हणणं पडलं. मी त्यांचाच मोबाईल घेऊन त्यातली तारीख एक दिवस मागं केली. पट्टी मोबाईलच्या तारखेवर चालते. पान पुन्हा उघडलं. एकूण एक स्थळाखाली मटण नाही. मावशी स्वतःच्या भाचीच्या फोटोपर्यंत पोहोचल्या आणि खुर्चीत बसल्या.

एजन्सीला फोन लावला, स्पीकरवर. मालक अगदी शांत.

“सर, आपल्या फील्डमध्ये सगळे एकमेकांचा कोड वाचूनच शिकतात. तुम्हीही तेच करता ना?”

“वाचला असता तर मटण दिसलं असतं,” मी म्हणालो.

मग त्यानं फुकट होस्टिंग देऊ केलं. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला लागणारी इंटरनेटवरची जागा. मी आवाज आणि मागणी दोन्ही वाढवत होतो, तेवढ्यात त्यानं बोलता बोलता पट्टी काढून टाकली. इथं मी हरलो.

कारण मी तसाच गाडी काढून वेल्ह्याला गेलो, आप्पांच्या मोबाईलची तारीख मागं केली, तर काही येईना. पुरावाच गेला. शेवटी अण्णांच्या हॉटेलची साइट उघडली. तिथं पट्टी आली, पण तिच्यावर मटणाच्या थाळ्याही आल्या, तर्रीसकट. आप्पांनी मोबाईल ओसरीवर पालथा घातला.

“ह्ये समदं लिवलं कुनी?”

“लिहिलं मीच, आप्पा. पण त्या एजन्सीनं ते…”

“लिवलं तुमी. मग पुन्याच्या मानसाचा काय संबंध?”

दाराआड मुलगी हसली. ते मी ऐकलं आणि आप्पांनीही ऐकलं. म्हणून मामला मोडलेला नाही, नुसता अडलाय.

धंद्यातल्या नव्या पोरांना सांगतो, दुसऱ्याचा कोड जरूर वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, आणि सोमवारीही चालवून बघा. आणि एजन्सीच्या मालकाला सांगतो, तुमचं होस्टिंग मला नको. तुम्ही वेल्ह्याला या, आप्पांसमोर ओसरीवर बसा आणि माझ्या फोटोखाली मटण कुणी आणलं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. मराठीत. कधी येताय?