लग्नाच्या फोटोतला बाप

"लग्नाचा एक बी फोटो न्हाई? पळून गेलतात का काय?"

बीडच्या त्या व्हिसा एजंटानं असं विचारलं आणि हसला. ऑफिसात बसलेले बाकीचे पण हसले. मी पोरीला मांडीवर घट्ट धरलं. नवरा खाली मान घालून बसला. त्याला जर्मनीत वेल्डरचं काम लागलं होतं, आणि आम्हा मायलेकींना न्यायला तो सुट्टीवर आलता. पोरगी बापाला मोबाईलमध्येच ओळखायची. समोर आला की माझ्यामागं लपायची. ह्या पोरीला बाप मिळावा, एवढ्यासाठी सगळी धडपड.

"लग्नाचा दाखला हाय की साहेब," मी म्हणाले.

"तो मागून काढलेला. मला फोटो पाहिजेत. आईबाप, पाहुणे, जेवणावळ. त्याबिगर लग्न खरं कशावरून?"

काय सांगणार त्याला? आम्ही ऊस तोडणारी माणसं. आमच्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही, म्हणून ऐन हंगामात घाईघाईनं लग्नं लागतात. माझं साखर कारखान्याच्या गेटासमोर लागलं, उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना. गेटकेन लग्न म्हणतात त्याला. आईचं लुगडं अंतरपाट म्हणून धरलं. टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं मंगलाष्टका म्हटल्या. अक्षतांना जोंधळे. लग्न लागलं की सगळे परत फडात, गाडी भरायची होती. फोटो कोण काढतंय तिथं?

पुढच्या हंगामात आई तापानं फडावरच्या कोपीतच, पाचटाच्या झोपडीत गेली. नवऱ्याला शिकायचं होतं. तेव्हा माझा बाप, आबा, म्हणाला, "त्याला आयटीआयला जाऊ दे. तुझ्यासंगं मी धरतो कोयता." मग आमचा बापलेकीचा कोयता झाला. आबा तोडायचा, मी मोळ्या बांधायची. नवरा वेल्डिंग शिकला तो माझ्या बापाच्या जिवावर.

एजंट म्हणाला, "काळजी करू नका, लग्न परत लावू. मंगल कार्यालय, फोटोवाला, पाहुणे, सगळं माझ्याकडं लागलं." माझ्या मनाला पटत नव्हतं. पण पोरीकडं बघून मी हो म्हणाले.

ठरल्या दिवशी आबा गावाहून, चकलांब्याहून, पहिल्या एसटीनं कार्यालयात आला. नवा सदरा, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. दाढी केलेली, टोपी पांढरीशुभ्र. लई खूश होता. "तवा तुझ्या लग्नात कुणाचं तोंड गोड करता आलं न्हाई," म्हणाला आणि पिशवीतून पेढे काढले.

एजंटानं पेढा घेतला. मग मला विचारलं, "हा टोपीवाला कोण?"

"माझे वडील."

त्यानं आबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात पाहिले. फुटलेल्या टाचा पाहिल्या. "ह्याला फोटोत नको. सरळ ऊसतोड्या दिसतोय. घर बरं वाटलं पाहिजे."

त्यानं बाप आणलेला होता. फेटेवाला, गोरटेला. आई पण आणली होती, पैठणीतली. माझ्या आईच्या जागी ती बाई बसली तेव्हा मी तिच्याकडं बघूच शकले नाही. पोरीला शेजारच्या खोलीत मोबाईल देऊन बसवलं. लग्नाच्या फोटोत पोरगी कशी चालेल?

फोटोवाल्याला माणूस कमी पडत होता. त्यानं उजेडासाठीची पांढरी छत्री आबाच्या हातात दिली. "बाबा, हलवू नका बरं."

आबानं ती दोन्ही हातांनी धरली. अजिबात हलू दिली नाही. माझ्या लग्नात माझा बाप छत्री धरून उभा.

"आता कन्यादान," एजंट म्हणाला. फेटेवाल्यानं माझा हात धरला. मऊ हात. मी आबाकडं पाहिलं. माझा चेहरा बघून तो छत्रीआडून हळूच म्हणाला, "हस की बाई. फोटो चांगला याया पाहिजे."

मला भडभडून आलं. त्या माणसाच्या हातातून मी हात काढून घेतला. मुंडावळ्या सोडल्या. आबाच्या हातातली छत्री घेऊन खाली ठेवली.

"माझा बाप हा हाय," मी एजंटाला म्हणाले. "माझं लग्न ह्यानंच लावून दिलं. आमची फाईल द्या."

"व्हिसा न्हाई भेटणार. जा, उसात मरा."

"फाईल द्या."

फाईल घेऊन आम्ही परतीच्या एसटीत बसलो. गेवराई गेल्यावर नवरा म्हणाला, "पोरीचा तरी इचार करायचा. एका फोटोनं काय झालं असतं?" त्याचंही खोटं नव्हतं. मला रडू येत होतं. आबा खिडकीशी बसलता, पेढ्यांची पिशवी मांडीवर. "माझ्यामुळं खोळंबा झाला तुमचा," एवढंच म्हणाला. मी "न्हाई आबा" म्हणाले, पण त्याला ते खरं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

अर्ज आता आमचा आम्ही भरलाय. मंगलाष्टका म्हणणाऱ्या म्हाताऱ्यानं, लग्न खरं लागलं म्हणून, वकिलासमोर कागदावर अंगठा दिला. तेवढ्यावर व्हिसा मिळेल का, ठाऊक नाही. नवरा एकटाच परत गेलाय. पोरगी पुन्हा मोबाईललाच बाबा म्हणते. रोज संध्याकाळी त्याचा फोन आला की मी आतून तुटते.

व्हिसाच्या मुलाखतीला विचारतील, फोटो कुठाय? मी सांगणार. लग्न गेटावर लागलं, उसाच्या गाड्यांपुढं, फोटो नाही. ते नाही म्हणाले तर परत अर्ज करीन आणि परत हेच सांगीन. जायचं तर मला आहेच. पण बाप बदलून मी कुठंच जाणार नाही.