साहेबांसाठी जामची बिस्किटं

मला बिस्किटं करता येतात, हे मी लग्नानंतर सव्वा महिन्याने सासरी खोटंच सांगितलं.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. माझं माहेर महूचं. आमच्या शेजारी मिस रोझी नावाच्या शाळेतल्या बाई राहायच्या आणि नाताळात जॅमची बिस्किटं करायच्या. दोन गोल चकत्या, वरच्या चकतीला मधोमध भोक, आत जॅम. त्या भोकातून तो लाल जॅम असा चमकायचा की बघूनच तोंडाला पाणी सुटावं. मी त्यांची मदतनीस. माझ्याकडे काम एकच, जॅम लावणं. (उरलेला चाटणं हेही त्याच कामात धरलेलं होतं.) पीठ कसं भिजवतात, भट्टी किती तापवतात, याकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. पुढे कोणी परीक्षा घेईल असं वाटलं नव्हतं.

सासर उज्जैनला, फ्रीगंजात, टॉवरपासून हाकेच्या अंतरावर. घरात माणसं चार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानाच्या काळात ओव्हरसियर होते आणि निवृत्त झाल्यावरही दिसेल त्या भिंतीला ओळंबा लावून बघायचे. सासूबाईंचा दिवस महांकाळाच्या दर्शनाने सुरू व्हायचा आणि स्वयंपाकघरात त्यांचा शब्द शेवटचा. आमचे हे मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकून. आणि चौथी मी, जिला अजून भाकरी फुगवता येत नव्हती.

तेव्हा मध्यभारताचे शेवटचे दिवस चालले होते. मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि तिच्यामागोमाग कचेऱ्याही जाणार. घरोघरी एकच विषय, तबादला. कोण भोपाळला जाणार, कोण उज्जैनला राहणार, याची यादी व्हायची होती. सासूबाईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं की पोराचा तबादला झाला तरी त्या महांकाळाला सोडून कुठे जाणार नाहीत. मुलगा गेला तर जेवणार कुठे, या चिंतेनं त्या स्वतःच अर्ध्या पोटी उठायच्या. यादी ज्यांच्या हातात होती ते नवे साहेब जबलपूरकडचे होते, कमी बोलणारे. तेव्हा त्यांना एकदा घरी चहाला बोलवावं, आई-वडिलांचं वय त्यांच्या नजरेला पडावं, असं ठरलं.

आता खायला काय करायचं? सासूबाई म्हणाल्या चिरोटे. ह्यांचं म्हणणं असं की कचेरीतल्या प्रत्येक मराठी घरानं साहेबांना चहाला बोलावलंय आणि प्रत्येकानं चिरोटेच खायला घातलेत. साहेब आता चिरोटा दिसला की उठतात. काहीतरी नवीन पाहिजे.

"मला जॅमची बिस्किटं येतात," मी म्हणाले.

सासूबाईंनी सव्वा महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघितलं. त्या एका नजरेनं घात केला. तिथेच जीभ चावली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी उलट वर्णन करत सुटले.

सासूबाईंच्या दोन अटी होत्या. अंडं घरात येणार नाही आणि बाजारातल्या भट्टीत बिस्किटं जाणार नाहीत, कारण तिथे अंड्याची बिस्किटं भाजतात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की अंडं लागतच नाही. (लागतं की नाही, मला खरोखर माहीत नव्हतं.) राहिला भट्टीचा प्रश्न. तो मामंजींनी क्षणात सोडवला.

"मी पूल बांधलेत, सूनबाई. भट्टी काय चीज आहे?"

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात विटा येऊन पडल्या. मामंजी डोक्याला पंचा गुंडाळून कामाला लागले. भट्टीला पाया खणला. त्या पायावर आज दुमजली घर उभं राहिलं असतं.

मग जॅम. मी मामंजींना म्हटलं, बाजारातून येताना जॅम आणायचा आहे. मामंजींनी मान डोलावली आणि संध्याकाळी टोपलीभर पेरू आणून माझ्यासमोर ठेवले. माळव्यात पेरूला जाम म्हणतात. हे मलाही ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द गेल्यावर आठवलं. मामंजी एवढ्या लांबून डोक्यावर टोपली घेऊन आलेले, एकेक पेरू दाबून निवडलेला. हे नव्हे, बाटलीतलं हवं होतं, असं सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी जामचाच जॅम करायचं ठरवलं.

याच शब्दानं तिकडे कचेरीत आणखी एक गोंधळ घातला होता, तो आम्हाला फार उशिरा कळला. ह्यांनी साहेबांना आमंत्रण देताना हिंदीतून सांगितलं, की साहब, इतवार को घर आइए, घर के बने जाम का इंतज़ाम है.

साहेबांनी म्हणे चष्म्यावरून बघितलं. "आपके पिताजी को मालूम है?"

ह्यांचा ऊर भरून आला. "साहब, पिताजी तो खुद भट्टी लगा रहे हैं."

"और माताजी?"

"माताजी ने पहले ही कह दिया है, माल बाज़ार का नहीं चलेगा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि येतो म्हणाले. जाम म्हणजे दारूचा पेला आणि भट्टी म्हणजे ती गाळायची जागा, हा अर्थ ह्यांच्या डोक्यात आला नाही. ह्यांच्या डोक्यात त्या दिवसांत फक्त यादी होती.

शनिवारी मी पेरू शिजवायला घेतले. गाळून, साखर घालून ढवळत बसले. मिस रोझींचा जॅम घट्ट असायचा एवढं आठवत होतं. किती घट्ट, ते आठवत नव्हतं. तेव्हा घट्ट होईपर्यंत ढवळलं, आणि घट्ट झाल्यावर खात्रीसाठी आणखी अर्धा तास ढवळलं. सासूबाईंनी येऊन पळी उचलली. पळीबरोबर पातेलंही उचललं गेलं.

"हे असंच असतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असंच असतं.

रविवारी सकाळी पीठ भिजवलं. मैदा, पिठीसाखर, तूप. तूप किती, हा अंदाज काही केल्या लागेना. मामंजी भट्टीजवळून ओरडून विचारत होते, मिश्रणाचं प्रमाण काय, सूनबाई? मी मनाला येईल ते सांगत होते. वाटीनं चकत्या कापल्या, शिवणाच्या अंगुस्तानानं भोकं पाडली. पहिला घाणा कोळसा होऊन निघाला. दुसरा मात्र दिसायला फार सुंदर झाला, बदामी रंगाचा, कडा सारख्या. मामंजींनी एक बिस्कीट तोंडात टाकलं, बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं, आणि शेवटी मत दिलं.

"टिकाऊ आहे."

मी जॅम गरम करून, पातळ असतानाच चकत्यांमध्ये भरला. उरलेल्या पिठाच्या पणत्या करून त्याही जॅमनं भरून भाजल्या. ताटात मांडल्यावर सासूबाईंनी त्यावरून मीठमोहरी ओवाळली, इतकी ती बिस्किटं देखणी दिसत होती. तो जॅम निवता निवता लाखेसारखा होत चाललाय, हे ओवाळणाऱ्या सासूबाईंना आणि कौतुकानं बघणाऱ्या मला, दोघींनाही कळत नव्हतं.

चार वाजता साहेब आले. एकटेच. पत्नीला बरं नाही म्हणाले. आल्या आल्या त्यांनी मागच्या अंगणाकडे नजर टाकली, भट्टीतून अजून धूर निघत होता. मग ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि दाराकडे बघत राहिले. मी पदर सावरून बिस्किटांचं ताट समोर ठेवलं.

"लीजिए साहब," हे म्हणाले, "घर का जाम."

साहेबांनी ताटाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, पुन्हा ताटाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी एक बिस्कीट उचललं आणि जोर लावून चावलं. दाभणानं पोतं टोचल्यासारखा आवाज झाला. दात आत गेले, जॅमपर्यंत पोचले, आणि तिथेच राहिले.

साहेबांचं तोंड मिटलं ते उघडेना.

पण हे आम्हाला कसं कळावं? माणूस कमी बोलणारा, तो आणखी कमी बोलायला लागला एवढंच दिसलं. चव घेताहेत असं वाटून मला तर आनंदच झाला. हे कचेरीबद्दल बोलत होते, मामंजी भट्टीच्या कमानीबद्दल. साहेब नुसते हूं, हूं करत होते आणि जबडा सोडवायला हळूहळू मान वरखाली करत होते. ती मान सासूबाईंनी दाराआडून बघितली. त्या एकदम पुढे आल्या, हात जोडले आणि आपल्या हिंदीत विचारलं,

"साहब, हमारा लड़का यहींच रहेगा ना?"

साहेबांनी मान हलवली. वरखाली, जोरात, तीनदा.

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामंजींनी उठून साहेबांचा हात हातात घेतला. माझ्या बिस्किटांनी तबादला थांबवला! मी मनातल्या मनात मिस रोझींना नमस्कार केला. आणि साहेबांनी, बहुधा शेवटचा उपाय म्हणून, दोन बोटांनी बिस्कीट धरून जोरानं ओढलं.

टप्प करून काहीतरी मामंजींच्या बशीत पडलं. मामंजींच्या सदऱ्यावर चहाचे शिंतोडे उडाले.

आम्ही चौघांनी वाकून बघितलं. बशीत वरची आणि खालची, अशी दातांची पुरी कवळी पडली होती आणि तिच्या मधोमध, घट्ट धरलेलं, माझं बिस्कीट. त्याचा एक तुकडाही पडला नव्हता.

सासूबाईंनी जन्मात कवळी बघितली नव्हती. त्यांना वाटलं, बिस्किटानं साहेबांचे खरे दात मुळासकट उपटले. त्या मटकन खाली बसल्या. "अगं, साहेबांचा जबडा काढलास तू," एवढंच त्या म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे. ह्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मामंजी मात्र कवळी उचलून उजेडात धरून बघत होते, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की जोड पक्का बसलाय.

आता काहीतरी करणं भाग होतं, आणि करणार कोण, तर मी. गरम पाण्यात घातलं तर जॅम विरघळेल, एवढी अक्कल सुचली. धावत आत गेले, हाताला लागेल ते भांडं घेतलं, त्यात कढत पाणी ओतलं आणि मामंजींच्या हातातून कवळी घेऊन त्यात सोडली. सगळे भोवती जमले. पाण्याला गुलाबी रंग चढायला लागला तेव्हा सासूबाईंची नजर भांड्याकडे गेली.

ते त्यांचं पूजेचं ताम्हन होतं.

दहा मिनिटांनी दात सुटले. साहेबांनी ते पुसून, आमच्याकडे पाठ करून बसवले, टोपी घातली, आणि दारात थांबून ह्यांना एकच वाक्य ऐकवलं.

"आप उज्जैन में ही ठीक हैं."

या वाक्याचा अर्थ काय, यावर घरात आठवडाभर खल झाला. मामंजींचं मत, शब्द पाळतील. ह्यांचं मत, नोकरीच जाईल. सासूबाईंचं काहीच मत नव्हतं. त्या ताम्हन चिंचेनं घासत होत्या. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून माहेरी पत्र लिहायचं की नाही याचा विचार करत होते. बिस्किटं गायीला घातली. तिनं हुंगली आणि ती पुढच्या घरी गेली.

मग यादी लागली. ह्यांच्या टेबलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, सगळे भोपाळला. ह्यांचं नाव खोडलेलं. चपराशानं आतली बातमी आणली. साहेब स्वतः भोपाळला जात होते, आणि त्यांनी वर कळवलं होतं की बाकी कोणीही चालेल, एवढा एक माणूस माझ्याबरोबर नको.

सासूबाईंनी महांकाळाला अभिषेक केला. घरी आल्यावर माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, झालं ते झालं, पण भट्टीकडे आता फिरकायचं नाही. मीही हो म्हटलं. त्या पणत्या मामंजींनी दारं वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून चौकटीशी लावल्या. दोन पावसाळे टिकल्या.

पण बातमी फ्रीगंजभर झाली होती. यादी लागल्यावर चार दिवसांनी ह्यांच्या कचेरीतल्या तिघांच्या बायका आमच्या दारात उभ्या. तिघींच्याही नवऱ्यांची नावं यादीत. तिघींच्याही हातात मैद्याचे डबे आणि पिशवीत पेरू.

"वहिनी, साहेब जायच्या आधी आम्ही पण चहाला बोलावतोय. तेवढी ती जामवाली बिस्किटं करून द्या ना."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हातचं मागून नेत होतं. मला भरून आलं. मी म्हटलं, देईन की, आणि या खेपेला जरा मऊ करीन, तूप वाढवते.

तिघींचे चेहरे पडले. त्यांतली मोठी पुढे आली आणि तिनं माझा हात घट्ट धरला.

"नको वहिनी, तुम्हाला शपथ आहे. बिल्कुल तश्शीच करा."